लाखाचा चेक निघाला, फाइल बंद. लेकरांचं काय?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा आणि कर्जाचे कागद गोळा होतात, मग जिल्हा समिती बसते. प्रकरण 'पात्र' ठरलं तर १ लाख. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. 'अपात्र' ठरलं तर तेही नाही. दोन्हीकडे फाइल बंद. घरातल्या लेकरांच्या मनाचं काय झालं, हा रकानाच त्या फाइलीत नाही.

मला वाटतं, खरी नोंद त्या लेकरांच्या अंगात होत असते. संकट आलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. हे संप्रेरक शरीराला संकटाशी लढायला तयार करतं, आणि नंतर ती धावपळ शांत करायलाही तेच लागतं. म्हणून ते जास्त झालं तरी बिघाड, कमी झालं तरी बिघाड.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्याच्या वेळी तिथे असलेल्या ३८ गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास डॉ. रेचल येहुदा यांनी २००५ साली मांडला. ज्या आयांच्या मनात तो आघात घर करून बसला होता, त्यांच्या वर्षभराच्या बाळांच्या लाळेतही कॉर्टिसॉल कमी सापडलं. बाळांनी तर काहीच पाहिलं नव्हतं!

अभ्यास छोटा आहे. तो आपल्या कापूस-सोयाबीनच्या घरांना जसाच्या तसा लावू नका. आणि हे अर्धवट वाचून "बघा, त्यांच्या रक्तातच आहे" असं तर मुळीच म्हणू नका. अशा घरातल्या पोरीची सोयरीक जमवताना लोक आधीच कुजबुजतात. त्यात विज्ञानाचा शिक्का नको.

कारण दुसरी बाजूही आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. जी आई पिल्लांना कमी चाटते, तिची पिल्लं लवकर बिथरतात. पण तीच पिल्लं जन्मल्याबरोबर मायाळू आईकडे दिली, तर शांत स्वभावाची होतात. म्हणजे जन्माबरोबर सगळं ठरून जात नाही. माया मिळाली तर शरीरही बदलतं.

पण माया करायला त्या मायला उसंत तर मिळाली पाहिजे ना? नवरा गेला, कर्ज राहिलं, मजुरीला जायचं, वरून लोकांचे टोमणे. तिला आधार देणं हाच लेकराचा इलाज आहे.

२०१५ मध्ये शासनाने १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला जिल्हाही आहे. खचलेल्या शेतकऱ्याला वेळीच गाठायचं, ही कल्पना चांगलीच. माझं म्हणणं एवढंच, की तो शेतकरी गेल्यावर त्याच्या घराकडे पाठ फिरवू नका.

पात्र असो की अपात्र, त्या घरात समुपदेशक गेलाच पाहिजे, आणि एकदा नाही, वर्षभर. बाई गरोदर असेल तर तपासणीत रक्तदाब बघतात तशी झोप आणि मनाचीही विचारपूस व्हावी. शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाने दात-डोळ्यांसोबत गप्प गप्प राहणारं पोरही बघावं. आशाताईंवर हे काम टाकणार असाल तर त्याचा मोबदला आधी द्या.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, मंडळी. आणि १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आजच शेजारच्या घरात देऊन या.