विश्लेषण : माओवाद्यांची साखळी तुटली, मग बंदुका खाली ठेवण्याचा आदेश कोण देणार?

माओवाद्यांच्या सशस्त्र दलाला, म्हणजे 'पीएलजीए'ला २ डिसेंबर २०२५ रोजी २५ वर्षे झाली. दरवर्षी २ ते ८ डिसेंबर हा 'पीएलजीए सप्ताह' असतो. या आठवड्यात गडचिरोलीत पत्रके सापडतात, रस्त्यावर झाडे आडवी पडतात आणि पोलीस बंदोबस्त वाढतो. २०२५ मध्ये मात्र वर्षभरात या संघटनेचा सरचिटणीस व सर्वांत चर्चित कमांडर मारला गेला आणि पॉलिट ब्युरोच्या सदस्याने गडचिरोलीत शस्त्र खाली ठेवले. अशा वेळी ही सेना चालते कशी, आदेश कोण देतो आणि साखळी तुटल्यावर काय होते, हे समजून घ्यायला हवे.

ही सेना कधी उभी राहिली?
पीपल्स वॉर ग्रुपची पहिली दलमे १९८० मध्ये आंध्रातून गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात आली. २ डिसेंबर १९९९ रोजी या गटाचे तीन केंद्रीय नेते मारले गेले. वर्षभराने त्याच तारखेला 'पीपल्स गुरिल्ला आर्मी'ची घोषणा झाली. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि एमसीसी एकत्र येऊन भाकप (माओवादी) हा पक्ष झाला आणि दोघांच्या बंदुका 'पीपल्स लिबरेशन गुरिल्ला आर्मी' या एका नावाखाली आल्या. माओवादी याला 'दीर्घकालीन जनयुद्ध' म्हणतात. सरकारच्या लेखी हा अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न आहे.

आदेश कुठून निघतो?
सर्वांत वर केंद्रीय समिती आणि तिच्यातील मोजक्यांचा पॉलिट ब्युरो. लढाईची आखणी केंद्रीय लष्करी आयोग करतो, पण तोही केंद्रीय समितीच्या अधीन. त्याखाली राज्य किंवा विशेष विभागीय समित्या येतात. गडचिरोली आणि बस्तर 'दंडकारण्य विशेष विभागीय समिती'त मोडतात. मग विभागीय समिती, एरिया समिती आणि शेवटी दलम.

नेहमीच्या सैन्यात कमांडरचा शब्द अखेरचा असतो. येथे प्रत्येक प्लाटून, कंपनी, बटालियनमध्ये पक्षाची समिती असते आणि कमांडर तिला बांधील असतो. बंदुकीवर पक्षाचा ताबा राहावा, हा त्यामागचा हेतू. पोलिसांच्या पत्रकात दिसणारे 'डीव्हीसीएम', 'एसीएम', 'पीपीसीएम' हे शब्द म्हणजे विभागीय, एरिया आणि प्लाटून समितीचे सदस्य. ही लष्करी हुद्द्यांची नव्हे, तर पक्षातील पदांची नावे आहेत. बक्षिसाची रक्कमही पदानुसार ठरते.

दलम, कंपनी, बटालियन यांत फरक काय?
पीएलजीएचे तीन थर आहेत. पहिला, मुख्य दल : गणवेशधारी प्लाटून, कंपन्या आणि बटालियन. हिडमामुळे नाव झालेली बटालियन क्रमांक १ याच थरातली. दुसरा, दुय्यम दल : ठराविक परिसरात फिरणारी दलमे. टिपागड, कसनसूर, पेरमिली, भामरागड ही नावे गडचिरोलीकरांना याच कारणाने परिचित आहेत. तिसरा, पायाभूत दल : गावातच राहून शेती करणारे जनमिलिशियाचे सदस्य. निरोप पोहोचवणे, पोलिसांच्या हालचाली कळवणे, रसद पुरवणे ही त्यांची कामे. वरच्या थरातील माणूस गेला, की खालच्या थरातून भरती होत असे.

मग साखळी तुटली कुठे?
दलम कमांडर गेला तर दुसरा मिळत असे. धोरण ठरवणारे मात्र मोजकेच होते, त्यातले बरेच तेलंगण-आंध्रचे आणि वयाने थकलेले. खाली लढणारे बहुतांश गोंड-माडिया आदिवासी. बस्तरमधून केंद्रीय समितीपर्यंत पोहोचलेला हिडमा हा पहिला आदिवासी मानला जातो.

महाराष्ट्रात पहिला मोठा हादरा १३ नोव्हेंबर २०२१ चा. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचा, केंद्रीय समिती सदस्य मिलिंद तेलतुंबडे मर्दिनटोलाच्या जंगलात 'सी-६०' पथकाशी झालेल्या चकमकीत मारला गेला. महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड हा 'एमएमसी' विभाग त्याच्याकडे होता. २१ मे २०२५ रोजी सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये ठार झाला आणि १८ नोव्हेंबरला हिडमा आंध्र प्रदेशात.

शस्त्र ठेवण्याचा निर्णय कोणाचा?
खरा पेच येथे आहे. पॉलिट ब्युरो सदस्य भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने सशस्त्र लढा थांबवण्याची भूमिका मांडली. पक्षातील दुसऱ्या गटाने ते त्याचे वैयक्तिक मत ठरवले, पुढे त्याला गद्दारही म्हटले. १५ ऑक्टोबरला भूपतीने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केले. नोव्हेंबरमध्ये एमएमसी विभागाचा प्रवक्ता अनंत याने तीन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून फेब्रुवारीपर्यंत मुदत मागितली. कारण एकच : निर्णय सामूहिक असतो आणि विखुरलेल्या साथीदारांपर्यंत तो पोहोचायला वेळ लागतो. काही दिवसांतच त्याने स्वतः गोंदियात शस्त्र ठेवले. म्हणजे लढण्यासाठी बांधलेली ही रचना थांबण्याचा एकमुखी आदेशही देऊ शकत नाही.

इतर देशांत काय झाले?
नेपाळमध्ये प्रचंड हे पक्षाचे अध्यक्ष आणि सेनेचे सर्वोच्च कमांडरही होते. त्यांनी २००६ मध्ये शांतता करार केला आणि लढवय्ये छावण्यांत आले. संयुक्त राष्ट्रांनी त्यांपैकी १९ हजारांहून अधिक जणांची पडताळणी केली. श्रीलंकेत 'एलटीटीई' प्रभाकरन या एकाच माणसाभोवती फिरत होती. मे २००९ मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर युद्ध संपले. गडचिरोली-बस्तरमध्ये ना सर्वमान्य सही करणारा आहे, ना एका मृत्यूने सारे थांबले.

बुलढाण्यासाठी याचा अर्थ काय?
धाड आणि भामरागड ही विदर्भाची दोन टोके. तरी हे युद्ध आपल्या जिल्ह्यापासून दूर राहिले नाही. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. त्या जवानांत देऊळगाव राजा आणि मेहकर तालुक्यांतील तरुणही होते.

केंद्राने ३१ मार्च २०२६ ही माओवाद संपवण्याची मुदत जाहीर केली होती. किती जण शरण आले याचे आकडे येत राहतात. त्यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल : पुरलेले भूसुरुंग आणि शस्त्रसाठे सापडतात का, गावातील मिलिशियाच्या तरुणांना संशयाशिवाय जगता येते का, आणि वरून आदेश न येणाऱ्या उरल्यासुरल्या टोळ्या खंडणीकडे वळतात का. सेनापती नसलेली बंदूक लहान असली, तरी तिच्याशी बोलणी करता येत नाहीत. तिची किंमत आधी जंगलातील गावे आणि मग तेथे पाठवले जाणारे पोलीस मोजतात.