सूत्राआधी आकृती: पाठ्यपुस्तक मंडळास खुले पत्र

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे यांस,



फेकलेल्या वस्तूच्या गतीवरील उदाहरणे सोडवताना विद्यार्थ्याला एकाच गतीच्या ठायी दोन स्वतंत्र गती प्रथमच पाहाव्या लागतात. आणि ही दृष्टी येण्यापूर्वीच पल्ल्याचे सूत्र हाती पडले, तर पुढील सारा व्यवहार त्यात आकडे भरण्यापुरताच उरतो. म्हणून नव्या आवृत्तीचा मसुदा तयार होईल तेव्हा या प्रकरणातील सोडवलेल्या उदाहरणांविषयी काही तजवीज व्हावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

२५ मीटर उंच कड्याच्या काठावरून एक दगड असा फेकला, की सुटताना त्याच्या वेगाचा क्षितिजसमांतर घटक सेकंदाला १५ मीटर आणि ऊर्ध्व घटक २० मीटर आहे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू आणि हवेचा विरोध वगळू. पाठ केलेले सूत्र येथे ६० मीटर पल्ला सांगते, आणि ते उत्तर चूक आहे. कारण दगड सुटला त्याच पातळीवर परत येतो, ही त्या सूत्राची अट येथे पाळली जात नाही. याउलट ज्याने आधी आकृती काढली, काठ हा आरंभबिंदू मानला, वरची दिशा धन ठरवली आणि जमीन उणे २५ मीटरवर मांडली, त्याला काळाचे वर्गसमीकरण मिळते, त्याची मुळे ५ आणि उणे १ येतात व पल्ला ७५ मीटर ठरतो. उणे मूळही निरर्थक नव्हे: दगडाचा मार्ग मागे वाढवला, तर काठाशी येण्यापूर्वी एक सेकंद तो जमिनीच्या पातळीवर असता, असे ते सांगते.

आता दोन्ही घटकांची अदलाबदल करावी. सपाट भूमीवर पल्ला तोच ६० मीटर राहतो. कड्यावरून मात्र तो सुमारे ८४ मीटर होतो, आणि ४५ अंशांचा कोन सर्वत्र श्रेष्ठ असतो हा समज आपोआप गळून पडतो.

सपाट भूमीवर ४५ अंशांना पल्ला सर्वाधिक मिळतो, हे तार्तालिया यांनी १५३७ साली मांडले होते. परंतु त्याचे कारण गॅलिलिओ यांनी १६३८ साली लायडन येथे छापल्या गेलेल्या ग्रंथात दिले, आणि तेही आजची बैजिक सूत्रे हाताशी नसताना, एकसमान क्षितिजसमांतर गती व त्वरणयुक्त अधोमुख गती यांच्या संयोगातून अन्वस्त सिद्ध करून.

यास्तव माझी विनंती अशी, की प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाचा आरंभ आकृती, आरंभबिंदू आणि दिशांची निवड यांनी व्हावा. पल्ल्याचे सूत्र त्याच्या अटीसह, आणि घटकांचा पुरेसा सराव झाल्यावरच, यावे. आणि शेवटी उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहिण्याचा शिरस्ता पडावा. पाने थोडी वाढतील. परंतु समांतर पट्ट्यांमधील विद्युतक्षेत्रात शिरणारा इलेक्ट्रॉनही याच अन्वस्तावरून वळतो, आणि आज ही रीत ज्याच्या अंगवळणी पडेल, त्याला ते प्रकरण नव्याने घोकावे लागणार नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
पदार्थविज्ञानाचा एक शिक्षक