पेढीला हवा ‘नाही’ म्हणणारा अधिकारी

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक आणि कुळे या स्थानकांच्या दरम्यान परक्या राज्याची हद्द होती. ती हद्द डोळ्यांना दिसत असे. आज आमच्या बेळगाव परिसरातील माल मुरगाव किंवा न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, तिकडून यंत्रे व कच्चा माल येतो. पण सीमाशुल्काची खरी हद्द आता कागदावर आहे, आणि तो कागद आपल्याच पेढीवर तयार होतो.

हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात २०११ साली स्वयंनिर्धारणाची पद्धत आली. मालाचे वर्गीकरण, मूल्य व शुल्क प्रथम व्यापाऱ्यानेच ठरवून जाहीर करावयाचे असते. जहाजभाडे व विमा हेही आयात मालाच्या मूल्यात धरावे लागतात. म्हणून वाहतुकीचा हिशेब एकाकडे आणि शुल्काचा दुसऱ्याकडे, अशी वाटणी धोक्याची ठरते. सवलतीच्या दराने आयात करणाऱ्याने केवळ उत्पत्तीचा दाखला दाखवून आता भागत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून माल त्या देशाचाच कसा, याची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते आणि ती पाच वर्षे जपावी लागते. हेतुपुरस्सर खोटे विधान किंवा लपवाछपवी आढळल्यास मागील पाच वर्षांचे शुल्क मागितले जाऊ शकते.

एवढ्या जोखमीची जागा आपण भरतो कशी? कोणी सारा भार बंदरावरील दलालावर टाकून निश्चिंत होतो. परंतु दलालाने मालकाच्या वतीने केलेली कृती, विरुद्ध पुरावा नसल्यास, मालकाच्या माहितीने व संमतीने झाली असेच कायदा मानतो. कोणी नुकत्याच पदवीधर झालेल्या पुतण्यास त्या खुर्चीवर बसवितो. मुलगा हुशार असेल. पण काकांच्या सहीला हरकत घेण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? आणि कोणी ‘बंदरावर माझी ओळख आहे’ असे सांगणाऱ्यास मोठ्या पगारावर आणतो. ज्याचे भांडवल केवळ ओळख आहे, तो ओळखीचा माणूस बदलून गेला की रिकामा होतो, आणि मागे राहिलेल्या कागदांवर नाव मात्र पेढीचे असते.

आमचे मत असे आहे की, या पदासाठी उमेदवार पाहताना ‘माल किती लवकर सोडवाल?’ हा प्रश्न पहिला नसावा. ‘आपण होऊन माल कधी थांबविला होता, आणि का?’ हे प्रथम विचारावे. त्याच्यापुढे आपल्याच पेढीची जुनी कागदपत्रे ठेवावीत. आमच्याकडील ओतकामाचे उदाहरण घ्या. एखादा नग ओतीव लोखंडाची वस्तू म्हणून ७३ व्या प्रकरणात दाखवावयाचा, की यंत्राचा भाग म्हणून ८४ व्या प्रकरणात? निर्यातीवरील परताव्याचा दर या उत्तरावर अवलंबून असतो. जो क्षणात फायद्याचे प्रकरण सांगतो, त्याच्याविषयी सावध असावे. जो नकाशा मागतो, नगावर पुढे कोणते काम झाले ते विचारतो आणि संशय राहिल्यास लेखी नोंद करतो, तो आपल्या उपयोगाचा.

असा माणूस मिळाला तरी त्याला टिकविणे मालकाच्या हाती आहे. तो थेट मालकास उत्तरदायी असावा, विक्री पाहणाऱ्या चिरंजीवांस नव्हे. त्याचे वेतन वाचविलेल्या शुल्काच्या प्रमाणात कधीही ठरवू नये. तसे केले तर आपणच त्याला चूक करावयास पैसे देतो. माल थांबविण्याचा त्याचा अधिकार लेखी असावा. यामुळे एखादे जहाज चुकेल, बंदरावर भुर्दंड पडेल, घरात कुरबुरही होईल. हा खर्च खरा आहे, आणि तो मान्य करूनच ही नेमणूक करावी.

आपणा जैन व्यापाऱ्यांस हा विचार परका नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापाबरोबर विरुद्धराज्यातिक्रमही सांगितला आहे. राज्याचे निर्बंध ओलांडून केलेला व्यापार हा व्रतास लागलेला दोषच होय. तराजूच्या बाबतीत जी दक्षता आपल्या वाडवडिलांनी बाळगली, तीच आता घोषणापत्राच्या बाबतीत बाळगावयाची आहे.

लहान पेढ्यांस असा अनुभवी अधिकारी एकट्याने परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. अशा तीन-चार पेढ्यांनी मिळून एकाची नेमणूक करावी, प्रत्येकीचे कागद स्वतंत्र व गुप्त राहतील असा करार करावा आणि वेतनाचा वाटा उलाढालीप्रमाणे उचलावा. आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, अशी आमची सर्व सभासद-बंधूंस आग्रहाची विनंती आहे.