कृष्णाकाठी ट्रॅक हवाच; पण पुराचा हिशेब धरून!

पहाटे पाचला पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या रस्त्यांवर दोन प्रकारची माणसं दिसतात. डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितलेली ज्येष्ठ मंडळी, आणि पोलीस भरतीसाठी मुलांचे १६०० तर मुलींचे ८०० मीटर मारणारी तरुण पोरं. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर अंधारात ती दिसत नाही. मग हाकेच्या अंतरावर कृष्णाकाठ असताना चालायला, सायकल मारायला तिथे वाट का नको, हा प्रश्न रास्तच आहे.

पण नदीकाठ म्हणजे मोकळं मैदान नव्हे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या पट्ट्याने पाहिले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई असते; बाग, मैदान असा मोकळा वापर चालतो. म्हणजे मुरमाची वाट आणि झाडं बसू शकतात; भराव टाकून केलेला काँक्रीटचा रस्ता, संरक्षक भिंत, स्टॉल बसत नाहीत. भराव पडला की पाणी अडतं आणि त्याचा फटका वरच्या अंगाच्या गावाला बसतो. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावरून झाडं आणि पूररेषेचा वाद पेटला, तो यातूनच.

दुसरा पेच जमिनीचा. मळीची जमीन सुपीक, त्यामुळे ऊस थेट काठापर्यंत. मधे पाणीपुरवठा संस्थांची जॅकवेल, मोटारी, पाइपलाइन. मोजणी न करता आखणी झाली तर काम बांधावरच्या भांडणात अडकणार. त्यापेक्षा घाटाकडे जाणाऱ्या जुन्या पाणंदी आधी खुल्या करणं सोपं. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीच्या जोडीने अशी कामं झाली आहेत. पाणंद मजबूत झाली तर शेतकऱ्याचा ऊस बाहेर निघतो आणि सकाळी चालणाऱ्यालाही वाट मिळते. एका खर्चात दोन कामं.

तिसरी गोष्ट मगरींची. भिलवडी, औदुंबर परिसरात त्यांचा वावर नवा नाही. वाट पाण्याला चिकटून न नेता काठाच्या वरच्या अंगाने न्यावी लागेल. घाटावर सूचनाफलक, पुरेसा उजेड आणि झुडपांची सफाई हवी. उजेड नसेल तर तिथे बायका-मुली फिरकणार नाहीत, मग ट्रॅक निम्म्याच गावाचा राहील.

खरी कसोटी मात्र उद्घाटनानंतर. पूर ओसरला की वाटेवर गाळ बसतो. तो ओला असतानाच काढला तर निघतो, वाळला की फावडं चालत नाही. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला कुणी विचारत नाही. कराडचा प्रीतिसंगम लोक वापरतात म्हणून जिवंत आहे, आणि मोठ्या पुरात तोही पाण्याखाली जातो.

म्हणून टेंडरआधी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारले जावेत. आखणी निळ्या रेषेच्या नकाशावर तपासली का? मोजणी झाली का? आणि दरवर्षीचा गाळ कोण, कुठल्या पैशातून काढणार? याची उत्तरं कागदावर आली, तरच नारळ फोडायला हरकत नाही.