नादाराला कायद्याचे दार कधी उघडणार?

तलासरी तालुक्यातील उधवा आणि आसपासच्या वारली पाड्यांना कर्जाचा खरा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. लग्नापुरते पैसे सावकाराकडून घ्यावेत आणि त्यापायी नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, ही येथील एकेकाळची रीत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेची परिषद भरली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि ही प्रथा मोडली. पुढे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असल्या कर्जाच्या फेडीची जबाबदारीच रद्द केली.

वेठ गेली, कर्ज मात्र राहिले. वीटभट्टीवर जाण्याआधीची उचल, गटामार्फत घेतलेले कर्ज, मोबाइलवरून क्षणात मिळणारे पैसे, अशी त्याची रूपे आता निराळी आहेत. पगारदार शिक्षक आणि कारकूनही त्यातून सुटलेले नाहीत.

ऋणकोला संरक्षण अगदीच नाही, असे नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याचे राहते घर यांवर सामान्यतः जप्ती येत नाही. पगारातील पहिले हजार रुपये व उरलेल्याचा दोनतृतीयांश भागही सुरक्षित राहतो. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली. परंतु ही सर्व संरक्षणे ऋणकोवरचे घाव अडवितात. त्याची कर्जातून सुटका करीत नाहीत.

सुटकेची वाट २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत आखलेली आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजार रुपयांच्या आत असलेल्या माणसाला कर्जमुक्त होऊन नव्याने आरंभ करता यावा, अशी तरतूद तीत आहे. पण ती सामान्य माणसासाठी अद्याप अमलातच आलेली नाही. कंपन्यांसाठी याच संहितेचे दार १ डिसेंबर २०१६ रोजी उघडले आणि बड्या थकबाकीदार कंपन्यांच्या कर्जांवर बँकांनी मोठमोठ्या रकमांचे पाणी सोडले. व्यक्तींविषयीचा भाग मात्र २०१९ पासून केवळ कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. बाकीच्यांसाठी १९२० चा जुना कायदाच उरतो: जिल्हा न्यायालयात अर्ज करा, मालमत्ता ताब्यात द्या, आणि मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करा.

शिवाय ही तरतूद उद्या लागू झाली तरी उधव्याच्या मजुराच्या पदरी काय पडेल? अर्जदाराच्या मालकीचे घर नसावे, अशी तिची अट आहे. म्हणजे स्वतःची कुडाची झोपडी असलेला मनुष्य उंबरठ्यावरूनच परत जाणार! शैक्षणिक कर्ज या सवलतीतून वगळलेले आहे. अर्ज करावयाचा तो कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे. तलासरीहून तेथवर जाण्यात बुडणारी मजुरी कोण भरून देणार?

अशा सवलतीने कर्ज बुडविण्याची चटक लागेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण अर्जाची छाननी आणि फसवणुकीला शिक्षा, असे दोन्ही पहारे संहितेतच आहेत. कोट्यवधींच्या थकबाकीला जो विवेक लावता येतो, तो ३५ हजारांना लावता येऊ नये काय?

‘नादारी’ हा शब्द शिक्षकांना अपरिचित नाही. गरीब विद्यार्थ्याला शाळेत नादारी मिळे, आणि त्यात त्याला कोणी अपराधी मानीत नसे. प्रामाणिक ऋणकोकडेही समाजाने त्याच दृष्टीने पाहावे. केंद्र सरकारने ही तरतूद अमलात आणावी, दहा वर्षांपूर्वीचे आकडे वाढवावेत, राहत्या झोपडीची अट काढावी आणि अर्ज तालुक्याच्या न्यायालयात घेण्याची सोय करावी. लग्नगड्याची बेडी तुटायला वारल्यांना उठावे लागले. आजच्या ऋणकोची बेडी तुटायला सरकारची एक अधिसूचना आणि थोडी दुरुस्ती पुरेशी आहे.