वर्षावास, ओढ्याकाठची वाट आणि तीनशे शब्द



गेल्या आषाढ पौर्णिमेला मंडळाची ऑनलाइन वंदना झाली आणि शेवटी प्रत्येकाने वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी आपापला संकल्प सांगितला, हे वाचकांना आठवत असेल. कोणी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे रोज एक प्रकरण मुलांसह वाचण्याचे ठरविले, कोणी मद्य सोडण्याचे. आम्ही मात्र एकाच दमात तीन गोष्टी बोलून बसलो. रोज पंचेचाळीस मिनिटे मोकळ्या हवेत चालायचे, रोज तीनशे शब्द लिहायचे आणि आमच्या वडिलांची, आप्पांची, हकीकत आश्विन पौर्णिमेपर्यंत कागदावर उतरवायची.

पेशाने आम्ही संगणक अभियंता. त्यामुळे संकल्प सोडल्याबरोबर पहिले काम कोणते केले असेल, तर स्प्रेडशीट उघडली. तीन रकाने, नव्वद ओळी. काम झाले की चौकोन हिरवा, राहिले की लाल. पहिले तेवीस दिवस एकही चौकोन लाल झाला नाही. त्याचा आम्हाला झालेला आनंद आता आठवला की संकोच वाटतो.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निघून १९७० साली ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात दाखल झाले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली उभे केलेले ते महाविद्यालय आणि भोवतालचे नागसेनवन यांनी आपल्या कितीतरी घरांना पहिला पदवीधर दिला; आमच्या घराला दिलेले पदवीधर म्हणजे आप्पा. दोन वर्षांपूर्वी त्यांना विस्मरणाचा आजार जडला. जुने अजून बरेच शाबूत आहे, पण ते कडेकडेने ढासळते आहे. म्हणून हा तिसरा रकाना.

आम्ही राहतो मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नेटमध्ये. घराजवळून स्केलेटन क्रीक नावाचा ओढा वाहतो. नाव सांगाड्याचे, पण काठ हिरवागार. त्याच्या कडेने चालण्याची चांगली वाट आहे. जुलैत सव्वापाचलाच सूर्य मावळतो. कार्यालयाचे काम आटोपून बाहेर पडावे तो काळोख आणि दक्षिणेचा बोचरा वारा. संध्याकाळचे सहा म्हणजे भारतातले दुपारचे दीड. आप्पांचे जेवण झालेले असते, डोळा लागायचा असतो. हीच वेळ त्यांच्या बोलण्याची.

चोविसाव्या दिवशी पाऊस होता म्हणून आम्ही आधीच चालून आलो होतो आणि सहा वाजता लिहायला बसलो होतो. दोनशे वीस शब्द झाले होते. इतक्यात आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून क्वचितच फोन करतात. 'अरे, त्याचं नाव आठवलं', असे म्हणून ते सांगू लागले. आम्ही मध्येच म्हणालो, 'आप्पा, ऐंशी शब्द राहिलेत, उद्या निवांत बोलू.' ते 'बरं, बरं' म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आम्ही ऐंशी शब्द लिहिले. चौकोन हिरवा झाला.

ज्याचे नाव त्यांना आठवले होते तो त्यांचा वसतिगृहातला सोबती. परभणीकडचा, हुशार, अर्थशास्त्र घेतलेला. १९७२ च्या दुष्काळात घरी खायला उरले नाही, तेव्हा तो शिक्षण सोडून खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर गेला. जाताना आपली पुस्तके आणि घोंगडी आप्पांच्या खाटेवर ठेवून गेला. त्याच पुस्तकांवर आप्पा बी. ए. झाले. पुढे त्या दोघांची भेट नाही. ही हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आप्पा त्याला नेहमी 'आमचा परभणीचा गडी' म्हणत, आणि नाव विचारण्याचे आम्हाला कधी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ते नाव गेले होते. आदल्या दिवशी फोन केला होता, हेही गेले होते.

आम्ही स्प्रेडशीट उघडून त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत होतो. तीनही रकाने हिरवे होते.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही काही लिहिले नाही. जे मुळात आधी करायला हवे होते ते केले. वर्षावास म्हणजे काय ते नीट वाचले. विनयपिटकात त्याचे कारण दिले आहे ते असे. पावसाळ्यातही भिक्खू फिरत राहतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून भगवंतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. उरलेले नऊ महिने चारिका. म्हणजे चालणे आणि थांबणे यांचा मेळ संघाने दिवसाचे सारखे तुकडे पाडून घातला नाही. तो वर्षाच्या मापाने घातला. एका ठिकाणी राहतानाही चंक्रमण होतेच. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाला शरीर तयार होते, प्रयत्नाला बळ येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालता चालता लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यात पावले मोजण्याचा उल्लेख नाही.

दिवसाचा समतोल ही कल्पना आपल्याकडे कामाच्या ठिकाणाहून आली असावी, अशी शंका आम्हाला येते. दर पंधरा दिवसांनी कामाचा हिशेब द्यायचा, झालेले काम एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचे, ही आमच्या धंद्याची रीत. तिने सॉफ्टवेअर बरे तयार होते. आप्पा तयार होत नाहीत.

२३ सप्टेंबर हा आपला संकल्प दिन याच वर्षावासात येतो. १९१७ साली बडोद्यात काय घडले ते वाचकांना सांगायला नको. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. तिथल्या झाडाखाली झालेला संकल्प आपण दरवर्षी आठवतो. आमचे लक्ष या वेळी दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. बडोद्याची ही हकीकत त्यांनी स्वतःच्या हाताने सविस्तर लिहिली ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत, जवळजवळ अठरा वर्षांनी. आणि त्या आठवणी पुस्तिकेच्या रूपाने छापल्या गेल्या १९९० साली. बागेतला तो दिवस, मनातला निश्चय आणि कागदावरचे शब्द या तिन्हींमध्ये एवढे अंतर पडले, तरी त्यांचा धागा तुटला नाही. त्या मधल्या वर्षांत त्यांनी काय काय केले, हे आपण जाणतोच. आमची तीनशे शब्दांची घाई त्यापुढे फारच केविलवाणी वाटली.

अर्थात हे अर्धेच खरे. अठरा वर्षे थांबायला आप्पांजवळ वेळ नाही. म्हणून रोज लिहिण्याचा आग्रह अगदीच चुकीचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. चूक रोजच्या आग्रहात नव्हती. तिसऱ्या रकान्याला आम्ही इतर दोहोंच्या बरोबरीने बसविले, तिथे ती होती.

याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट घडली. आमची सहचारिणी रुग्णालयात परिचारिका आहे. आठवड्यातले तीन दिवस तिची रात्रपाळी असते. चालणे, लेखन, संकल्प यांवरचे आमचे नवे चिंतन तिला ऐकवले, तेव्हा ती डबा भरता भरता म्हणाली, 'तुझा समतोल माझ्या शिफ्टवर उभा आहे.' यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. तिलाही लिहायचे असते, हे आम्हाला ठाऊक होते. तिच्या वहीत चार वर्षांपूर्वीची एक अपुरी कथा आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आपल्या बहुतेक घरांत आहे. छोटेसे दुकान चालवता चालवता, पुडे बांधायला येणारी रद्दी वाचता वाचता त्या लिहू लागल्या आणि सुमारे वीस वर्षे ते लिखाण त्यांनी नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. कष्टकऱ्याला कोणी लिहायला वेळ देत नाही, तो चोरून काढावा लागतो, हे सांगण्यासाठी आम्ही त्यांचे उदाहरण भाषणांतून अनेकदा दिले आहे. पण तो वेळ कोणापासून चोरावा लागला, याचा विचार आम्ही पुरुषांनी कितीसा केला? आता आमच्या घरी मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ तिची आहे. स्वयंपाक, मुलीचा गृहपाठ, अंघोळ हे सारे त्या दोन दिवशी आमच्याकडे. ती चालायला जाते की लिहिते, हे आम्ही विचारत नाही.

कार्यालयात जाण्याच्या दिवशी टार्नेटहून आमची गाडी फुटस्क्रेला थांबते. त्या स्थानकावरच्या पादचारी पुलाला विल्यम कूपर यांचे नाव आहे. कितीतरी महिने आम्ही तो पूल खिडकीतून नुसता पाहत होतो. योर्टा योर्टा समाजातले हे गृहस्थ. मेंढ्यांची लोकर कातरण्यापासून मासेमारीपर्यंत कामे केलेले. लिहिणे-वाचणे शिकले. वृद्धापकाळाची पेन्शन आदिवासींच्या राखीव वस्तीत राहून मिळत नसे, म्हणून सत्तरी ओलांडल्यावर, १९३३ च्या सुमारास, ते मेलबर्नच्या या भागात राहायला आले आणि इथून पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले. आदिवासींना संसदेत प्रतिनिधित्व मिळावे अशी मागणी करणाऱ्या, ब्रिटनच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या अर्जावर त्यांनी १,८१४ सह्या गोळा केल्या. सरकारने तो अर्ज राजाकडे पाठविलाच नाही. जर्मनीत ज्यूंवर अत्याचार सुरू झाले, तेव्हा त्यांच्या ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनीज लीगचे प्रतिनिधिमंडळ निषेधाचा ठराव घेऊन मेलबर्नमधल्या जर्मन वकिलातीच्या दारी गेले. ठराव स्वीकारला गेला नाही. ती तारीख होती ६ डिसेंबर १९३८. आपल्यासाठी ६ डिसेंबरला वेगळा अर्थ येण्यापूर्वी बरोबर अठरा वर्षे.

आता गाडी फुटस्क्रेला थांबली की आम्ही फोन खिशात ठेवतो. बस, एवढेच. येत्या ६ डिसेंबरला अभिवादन सभेआधी मंडळातील कुटुंबांनी सकाळी त्या पुलापासून मॅरिबर्नाँग नदीपर्यंत मुलांसह चालत जावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे पाठविली आहे. मुलांना आपल्या इतिहासाबरोबर या भूमीचाही इतिहास कळला पाहिजे.

स्प्रेडशीट आम्ही पुसली नाही. उघडत मात्र नाही. सोमवार, बुधवार आणि गुरुवार हे चालण्याचे आणि ऐकण्याचे. कानात आप्पा, पायाखाली ओढ्याची वाट. त्यांच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित होते. ते एकच गोष्ट चार वेळा सांगतात आणि चौथ्या वेळी तीत एखादी नवी वस्तू निघते: कंदील, मेसमधली पातळ डाळ, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. लिहिणे रविवारी पहाटे, घर जागे होण्यापूर्वी. आश्विन पौर्णिमेपर्यंत सत्तावीस हजार शब्द व्हायचे होते, झाले अकरा हजारांच्या आसपास. त्या सोबत्याच्या नावासाठी धाकट्या भावाने महाविद्यालयात जाऊन जुन्या नोंदवह्यांची चौकशी करण्याचे कबूल केले आहे.

सप्टेंबर अखेरची गोष्ट. ओढ्याकाठी वॉटल फुलून गेली होती. बाभळीच्याच कुळातले हे झाड. पिवळे गोंडेही तसेच. सहचारिणीने तिच्या मंगळवारच्या बदल्यात सोमवार घेतला होता, म्हणून त्या दिवशी चालणे आमचे होते. या दिवसांत मॅगपाय घरट्याच्या राखणीला बसलेले असतात आणि चालणाऱ्याच्या डोक्यावर झेप घालतात. आमच्यावरही एकाने घातली. आम्ही ओरडलो, तोही ओरडला.

'कोणतं पाखरू वरडायलं रे ते?' आप्पांनी विचारले.

आम्ही सांगितले. काळा-पांढरा, कावळ्याएवढा, डोक्यावर टोच मारतो.

'आपल्याकडं कोतवाल मारतो की तसाच', आप्पा म्हणाले. 'नागसेनवनात आमच्या परभणीच्या गड्याच्या टोपीवर झेपावला होता एकदा. टोपी खाली, गडी पुढं, अन् आम्ही सगळे मागं हसत.' आणि ते हसले. गेल्या वर्षभरात आम्ही त्यांचे असे हसणे ऐकले नव्हते. त्याला टोपी होती, हे आम्हाला ठाऊक नव्हते. कसली टोपी, कोणत्या रंगाची, तो उंच होता की बुटका, असे आम्ही विचारत गेलो आणि ते सांगत गेले. नाव काही आले नाही. फोन पन्नास मिनिटे चालला, आम्ही वाटेचे शेवटचे टोक ओलांडून पुढच्या वस्तीत शिरलो होतो, आणि घरी पोहोचलो तेव्हा मुलगी दारात विचारत होती की आज कुकर कोण लावणार.