रद्दीत जाणारी पुस्तके आणि आपली जबाबदारी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की घराघरांतून दप्तरे रिकामी होऊ लागतात. वर्षभरात साचलेल्या वह्या, पाठ्यपुस्तके, स्वाध्यायपुस्तिका, चाचण्यांच्या उत्तरपत्रिका, झिजलेल्या पेन्सिली आणि कंपासपेट्या यांचा ढीग पडतो. बहुधा आईच्याच वाट्याला येणारे हे आवराआवरीचे काम एखाद्या दुपारी उरकले जाते. रद्दीवाला येतो, तराजू लावतो आणि वर्षभराची विद्या किलोच्या भावाने घराबाहेर पडते. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही सामाजिक प्रश्न असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. आमच्या मते तो आहे. आणि वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याकडे लक्ष देण्याची वेळ एप्रिल आणि मे हीच आहे.

ज्या आठवड्यात एका घरी जुनी पुस्तके ठेवायची कोठे, ही अडचण असते, त्याच आठवड्यात त्याच गावातील दुसऱ्या घरी नवी पुस्तके आणायची कशी, ही चिंता असते. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. परंतु त्याचे छत्र सहा ते चौदा वर्षे वयापुरतेच आहे. महाराष्ट्रातील सरकारी व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, तीही सर्वसाधारणपणे आठवीपर्यंत. नववीच्या उंबरठ्यावर हा हात सुटतो. मुलीला पुढे शिकवावे की घरी ठेवावे, मुलाला शाळेत पाठवावे की कामाला लावावे, याचा निर्णय कष्टकरी कुटुंबात नेमका याच वयात होतो. केवळ पुस्तकांच्या किमतीमुळे कोणी शाळा सोडतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुस्तके, वह्या, गणवेश, प्रवास हे सारे खर्च जूनच्या एकाच पंधरवड्यात अंगावर येतात, आणि डळमळणाऱ्या निर्णयाला तेवढा धक्काही पुरेसा होतो.

पूर्वी या अडचणीवर समाजाने आपला असा एक तोडगा काढला होता. थोरल्याची पुस्तके धाकट्याकडे, धाकट्याची शेजारच्या मुलाकडे जात. पुढच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून अर्ध्या किमतीत संच घेण्याची रीत होती. अनेक शाळांत पुस्तकपेढी चाले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जुन्या पाठ्यपुस्तकांचा रीतसर बाजार भरे. पुस्तकाला कव्हर घालणे, त्यावर शाईने न लिहिणे, ही शिस्त नुसत्या टापटिपीची नव्हती. आपल्यानंतर हे पुस्तक दुसऱ्याच्या हाती जायचे आहे, ही जाणीव त्या शिस्तीच्या मुळाशी होती.

ही साखळी तुटली, त्याचा सारा दोष पालकांच्या सुबत्तेला देणे सोपे आहे, परंतु ते पुरते खरे नाही. ज्या पुस्तिकेत उत्तरे छापील ओळींवरच लिहायची असतात, ती एका मुलाच्या हातूनच संपते. अनेक खाजगी शाळा ठराविक प्रकाशनांचे नवे कोरे संच दरवर्षी घ्यायला लावतात. आवृत्तीत दोन पाने बदलली की जुना संच बाद ठरतो. राज्य शासनाची धोरणेही यातून सुटलेली नाहीत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने बांधून देण्याचा प्रयोग झाला. दप्तराचे ओझे कमी करावे, गरीब मुलाचा वहीचा खर्च वाचावा, हा हेतू चांगला होता. पण ज्या पुस्तकात मुलाने वर्षभर लिहिले, ते पुढच्या मुलाला देणार कसे? जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेतला, हे योग्यच झाले. एका पुस्तकावर किती मुले शिकू शकतील, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांच्या मनात प्रथम यावा लागतो, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा.

मग ढिगापुढे बसलेल्या पालकाने काय करावे? आमची सूचना अशी की, त्याचे चार भाग करावेत. पहिला भाग चांगल्या स्थितीतील पाठ्यपुस्तकांचा. ती पुढच्या मुलाची ठेव आहे. दुसरा अपुऱ्या वह्यांचा. त्यांतील कोरी पाने काढून, दाभणाने शिवून कच्ची वही तयार होते; आपल्या आयांनी हे वर्षानुवर्षे केले आहे, आणि त्यात कमीपणा कसलाच नाही. पेन्सिली, पट्ट्या, कंपासपेट्या याच भागात याव्यात. तिसरा भाग मुलाच्या स्वतःच्या कामाचा: एखादा निबंध, एखादे चित्र. काय ठेवायचे ते मुलालाच निवडू द्यावे. मात्र ते एका पिशवीत मावले पाहिजे. उरलेला चौथा भाग तेवढा रद्दीचा.

या रद्दीलाही एक माणूस जोडलेला आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणून ओळख मिळवून देण्याचा लढा सुरू झाला. त्या कामातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. कोरड्या कागदाला भाव येतो, खरकट्यात भिजलेल्याला येत नाही. तेव्हा वह्यांची प्लास्टिकची वेष्टने काढून, कागद कोरडा व वेगळा देणे म्हणजे एका कष्टकरी स्त्रीच्या दिवसाच्या कमाईचा मान राखणे होय.

यावर आपल्यातील काही साथी आक्षेप घेतील. गरिबाच्या मुलाला उष्टी पुस्तके देऊन समाजवाद येत नाही, असे ते म्हणतील. आक्षेप रास्त आहे. समारंभ करून, छायाचित्रे काढून केलेले पुस्तकवाटप मुलाचा अपमान करते, आणि शासनाला त्याच्या जबाबदारीतून मोकळे सोडते. परंतु पुस्तकपेढी म्हणजे दान नव्हे. तीत डॉक्टरच्या मुलाने आणि हमालाच्या मुलीने सारख्याच नियमाने पुस्तक घ्यावे आणि वर्षअखेर सारख्याच स्थितीत परत करावे. नोंदवही विद्यार्थ्यांनीच ठेवावी. वस्तूवर एकाची मालकी नसूनही सर्वांनी ती जपायची, हा धडा मुलांना एखाद्या व्याख्यानापेक्षा अशा पेढीतून अधिक लवकर कळेल.

काम अवघड नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्येच संपते. इतर वर्गांचे निकाल बहुतेक शाळांत १ मेच्या सुमारास लागतात आणि त्या दिवशी पालक शाळेत येतातच. जुना संच तेथेच जमा करून घेता येईल. नववी-दहावीच्या पुस्तकांना अग्रक्रम द्यावा, कारण गरज तेथे सर्वांत मोठी आहे. मात्र २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नव्या अभ्यासक्रमाची टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. तेव्हा त्या त्या वर्गाची पुस्तके बदलली आहेत काय, हे पाहूनच संच द्यावेत. त्याचबरोबर मागण्याही लावून धराव्यात: मोफत पाठ्यपुस्तके दहावीपर्यंत मिळाली पाहिजेत, लिहिण्याची पुस्तिका पाठ्यपुस्तकापासून वेगळी राहिली पाहिजे आणि दरवर्षी नव्या संचाची सक्ती थांबली पाहिजे. पेढी चालवणाऱ्या कार्यकर्त्याजवळ किती मुलांना पुस्तके पुरली आणि किती रिकाम्या हाती परतली, याची नोंद असेल. शिक्षणाधिकाऱ्यापुढे ठेवायला ती कोणत्याही ठरावापेक्षा अधिक उपयोगी पडेल.